रिद्धीच्या उशाशी ठेवलेली शाल

यात एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्या घरी हे घडलं ती माणसं आजही बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत राहतात. गेलात तर चहा पाजतील. पण हा विषय काढलात तर नूतन उठून आत निघून जाईल.

भीतीने नाही.

लाजेने.

मागच्या नोव्हेंबरची गोष्ट. वेळ दिवेलागणीची. आणि त्या वेळी नूतन घरात नव्हती… हे आधीच नीट लक्षात ठेवा.

नूतन उल्हासनगरच्या एका ऑफिसात कामाला. कॉलेजच्या मुलांचे ग्रुप परदेशात फिरवून आणायचे, हा त्यांचा धंदा. लिस्बनला या धंद्यातल्या लोकांचा मोठा मेळा भरणार होता. जगभरचे हॉस्टेलवाले, बसवाले, भाषा शिकवणारे, सगळे एका छताखाली. शेठ स्वतः जाणार होते. ऐनवेळी त्यांचा गुडघा सुजला.

"नूतन बेटा, तू जा," शेठ म्हणाले. "इंग्लिश तुझी फर्स्टक्लास. ऐसा चान्स घडी घडी नहीं आता."

रिद्धी अडीच वर्षांची. मम्मीच्या कुशीशिवाय एक रात्र झोपलेली नाही. नवरा भावेश अंबरनाथच्या केमिकल कंपनीत, शिफ्टवर. घरात सांभाळायला सासू, तुळशीबाई. माहेर जांभूळचं, बोलणं अजून गावचं.

निघायच्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"तुजे आंगावरचा कपरा ठेवून जा पोरीजवल. धुवलेला नको. वास पायजे तिला तुजा."

त्यांच्यात हे चालतंच. तान्ह्या पोराला सोडून आई गावाला निघाली की अंगावरची साडी उशाशी ठेवते. पोर त्या वासावर झोपतं.

नूतनला हे माहीत होतं. पण व्हिसा अगदी शेवटच्या घटकेला आलेला. नेसते-वापरते कपडे एक तर बॅगेत, नाहीतर मशीनमध्ये भिजत. खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय.

तिने अंगावरची शाल काढली आणि सासूच्या हातात दिली.

राखाडी रंगाची. मऊ. कडेला बारीक निळी वेलबुट्टी.

"छान हाय," तुळशीबाई शालीवरून हात फिरवत म्हणाल्या. "कदी घेतलीस?"

"शेठनी दिली, आई."

शेठनी दिली नव्हती.

ऑफिसात एक खोकं आहे. टूर संपली की हॉटेलच्या खोल्यांत, बसमध्ये मुलांच्या राहिलेल्या वस्तू सापडतात. चार्जर, टोप्या, एकेकटे मोजे. त्या खोक्यात ठेवायच्या आणि त्या टूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायचा, हा तिथला नियम. फोटो टाकायचं काम नूतनचं. या शालीचा फोटो तिने टाकलाच नाही.

आवडली म्हणून.

ऑफिसातला एसी सोसत नाही, या निमित्ताने तिने ती खांद्यावर घेतली. पुढे पुढे ती आपलीच वाटायला लागली.

लिस्बनला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मोठा हॉल, ओळीने टेबलं. समोरच्याशी बोलायचं, कार्ड द्यायचं, घंटा झाली की उठून पुढच्या टेबलावर. संध्याकाळी हॉस्टेलं बघायला बसने गावभर. तिथे जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा इथे दिवे लागलेले असायचे. तेवढ्यात ती घरी व्हिडिओ कॉल करायची.

पहिल्या दिवशी रिद्धी रडून रडून लाल. नूतनला सँडविच गिळेना.

दुसऱ्या दिवशी कॉल राहूनच गेला.

तिसऱ्या दिवशी लावला… तर रडण्याचा आवाजच नाही.

"झोपली का, आई?"

"नाय गो. खेलतंय. शाल धरून बसलंय. त्या शालीशी गप्पा चालल्यात तिच्या. मना तर इचारत पन नाय आता."

"माझ्याबद्दल विचारलं?"



"नाय."

खरं सांगायचं तर नूतनला हायसं वाटलं. चला, पोर रमली. आता डोकं कामात लागेल. त्या संध्याकाळी ती इतरांबरोबर नदीकाठी जेवायला गेली, हसली, फोटो काढले.

त्या हसण्याची तिला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या कॉलला रिद्धी पाठमोरी बसलेली दिसली. नूतन बघतच राहिली.

वेणी घातलेली होती.

घट्ट, बारीक, तीन पेडी. भांग एका बाजूला. नूतन तिला नेहमी दोन शेंड्या बांधते. वेणीला पोर हातच लावू देत नाही.

"आई, वेणी छान घातलीत."

"मी? माझी बोटा कुटं वलतात आता. भावेशनी घातली असल."

नूतनने भावेशला मेसेज केला. थोड्या वेळाने उत्तर आलं. *मला वेणी येते का? आईने घातली असेल.*

हॉलमध्ये शेकडो माणसं बोलत होती. काचेतून लख्ख ऊन येत होतं. नूतन तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी व्हायचीही वाट पाहिली नाही. एक मीटिंग आवरून लगेच फोन लावला.

बदलापूरला लाइट गेलेली. खिडकीतून येणारा तेवढाच उजेड. तुळशीबाईंनी फोन रिद्धीसमोर धरला.

"रिद्धी… इकडे बघ. मम्मी आहे बघ," नूतन म्हणाली.

रिद्धीने मान वळवली. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू… मम्मी झोपली."

तुळशीबाईंचा हात जरा हलला आणि पलंग दिसला.

पलंगावर शाल लांबोडी पसरलेली. तिच्याखाली कोणी नव्हतं. उशी नव्हती, तक्क्या नव्हता. शाल गादीला चिकटून सपाट पडली होती.

आणि मग ती वर आली… हळूच.

खाली गेली.

पुन्हा वर आली.

लाइट नव्हती. पंखा बंद होता.

"आई," नूतन म्हणाली. "ती शाल काढा तिथून. आत्ता. बाहेर टाका."

"का गो? तुजीच हाय ना?"

इथे ती खरं सांगू शकली असती. एका वाक्याचं काम होतं. पण शेजारची छोटी जिज्ञासा, शिकवणीहून येता येता थांबलेली, वही घेऊन खोलीच्या दारात बसलेली दिसत होती. तिच्यादेखत सासूला काय सांगणार? उचलून आणली म्हणून?

"हो… माझीच आहे," नूतन म्हणाली. "मळलीय म्हणून म्हटलं. धुवायला टाका."

पलंगावरची शाल हलायची थांबली.

घंटा झाली. पुढचा माणूस, कुठल्याशा बसकंपनीचा, समोर येऊन बसला. नूतनने फोन ठेवला.

त्याच्याशी काय बोलणं झालं तिला आठवत नाही. टेबलाखाली ती घरी फोन लावत राहिली. रिंग जात होती. कोणी उचलत नव्हतं. भावेशला लावून उपयोग नव्हता, तो आज शिफ्टवर होता आणि कंपनीत गेटवरच फोन जमा करतात.

शेवटी तिने समोरच्या फ्लॅटमधल्या मनालीला लावला. जिज्ञासाची आई.

"मनाली, जरा आमचं दार वाजव ना. आई फोन उचलत नाहीत."

"आत्ताच तर वाजवलं," मनाली हसली. "जिज्ञासाचं पेन राहिलं होतं तुमच्याकडे. काय गं, गपचूप आलीस ते? चॉकलेटं वाटायला लागू नयेत म्हणून का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तूच बोललीस ना आतनं. 'रिद्धी झोपतेय, उद्या ये.' दार पण नाही उघडलंस, शिष्ट झालीस फॉरेनला जाऊन…" मनाली बोलता बोलता थांबली. "नूतन… तुझ्या मागे एवढा गोंगाट कसला आहे?"

नूतन उभी राहिली.

"मनाली, मी लिस्बनला आहे."

मग मनालीने तिच्या घराचं दार उघडलं, ती धावली, नूतनच्या दारावर थापा मारायला लागली. जिन्यातून माणसं जमल्याचा आवाज. वरच्या मजल्यावरचे हरिचंद्रकाका विचारत होते, "काय झाला? कोन अरकलाय आत?"

आतून काही नाही. तुळशीबाईंची चाहूल नाही. रिद्धीची नाही.

"मनाली, फोन स्पीकरवर टाक. दाराला लाव."

"अगं, सगळे उभे आहेत इथे…"

"लाव."

आणि त्या लख्ख उजेडाच्या हॉलमध्ये, परक्या माणसांसमोर, आपल्या सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात नूतन बोलली.

"ती शाल माझी नाही. शेठनी दिलेली नाही. दुसऱ्या कोणाची तरी राहिलेली होती. मी न विचारता घेतली. चोरलीच म्हणा. आई, ऐकताय ना… माझा वास म्हणून मी पोरीला परक्याचा वास दिला. रिद्धी माझी आहे. शाल माझी नाही."

बसकंपनीच्या माणसाला मराठी कळत नव्हतं. पण रडणं कळलं असावं. त्याने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

दाराच्या आत कोणीतरी श्वास सोडला.

मनालीने ऐकला. हरिचंद्रकाकांनीही ऐकला. एखादी बाई हातातलं काम खाली ठेवताना सोडते ना, तसा.

मग कडी निघाली. दारात तुळशीबाई.

"कवा आलात सगली? मी तं पोरीजवलच बसलेली. दार कोनी वाजवलाच नाय. फोन पन नाय वाजला."

रिद्धी पलंगावर गाढ झोपलेली. वेणी सुटलेली, केस मोकळे. पायाशी शाल, कडा जुळवून अगदी चौकोनी घडी घातलेली. त्या घरात तशी घडी कोणालाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी भावेश ती पिशवीत घालून उल्हासनगरला नेऊन खोक्यात ठेवून आला. नूतनने तिकडून सगळ्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. कोणीही 'माझी' म्हणालं नाही.

ती परतली तेव्हा बिल्डिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. सगळे नेहमीसारखे हसले. ते हसणं तिला थपडेसारखं लागलं. तुळशीबाई तेवढ्या एकदा बोलल्या, भाजी निवडताना, वर न बघता.

"कपरा नव्हता तं नाय ठेवायचा. पोर रडली असती दोन दिस. रडून कोन मरत नाय."

नूतन मान खाली घालून मेथी निवडत राहिली.

ऑफिसात गेल्यावर तिने खोकं उघडलं. चार्जर होते, टोप्या होत्या.

शाल नव्हती.

"ती ना?" शिपाई शिवराम म्हणाला. "एक बाई येऊन घेऊन गेल्या, मॅडम. चांगल्या घरच्या वाटल्या."

"काही बोलल्या?"

"नाय, जास्त नाय. मुलीला लागते झोपताना, एवढंच म्हणल्या."

त्यानंतर नूतनने कधी रात्रीचं बाहेरगावचं काम घेतलं नाही. शेठ कुरकुर करतात. ती कारण सांगत नाही.

रिद्धी आता बरी आहे. खाते, खेळते, भांडते. दोन शेंड्या बांधून घेते.

फक्त झोपताना ती पलंगाच्या मधोमध सरकते. एका बाजूला नूतनची जागा. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच जागा सोडते… आणि तिथे भावेशला झोपू देत नाही.

परवाच नूतन तिला थोपटत होती. पोरीचे डोळे मिटत आलेले. एकदम तिने ते उघडले. नूतनच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग हात लावून चाचपलं, खात्री करून घेतल्यासारखं.

"तू पण मम्मी ना?"

नूतनने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"हो," ती म्हणाली.

रिद्धी समाधानाने हसली आणि कूस बदलली… दुसऱ्या बाजूला.