मास्तरांची उंची

"बूट काढा," एक्स-रे काढणारी म्हणाली, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मास्तर म्हणजे शिंपी. वय एकोणतीस, लोकांच्या पँटी नेमक्या मापात बसवण्यात हातखंडा. स्वतःची पँट मात्र त्यांनी उंच टाचेच्या बुटांच्या हिशेबाने बेतली होती. बूट निघाले आणि चार बोटं कापड जमिनीवर लोळू लागलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती ओठ दाबत म्हणाली, "शिंपी बदला की!"

"मीच... मीच शिवली आहे."

मग मात्र ती खळखळून हसली – आणि लगेच ओशाळली. "सॉरी हं. चिठ्ठीवर लिहिलंय, पाय लांबवून उंची वाढवायचीय ना? कोणाकडे?"

"ते जाहिरातवाले डॉक्टर. आठ सेंटीमीटर वाढवतात. धोका विचारला, तर म्हणाले, काळजीच सोडा."

"आणि तुम्ही सोडलीत? अहो, शर्टाचं कापड घेतानासुद्धा माणूस चार तागे उलगडायला लावतो. इथे तर हाड कापायचंय! दुसरीकडे जा. किती ऑपरेशनं केली ते विचारा, आणि किती बिघडली तेही."

मास्तर गेले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी काही हातचं राखलं नाही. हाड कापायचं, दोन टोकांतलं अंतर रोज एक मिलिमीटर वाढवायचं, मग ते भरून यायची वाट बघत महिनेच्या महिने काढायचे. "कधी जंतुसंसर्ग होतो, नस दुखावते, घोटा आखडतो, कधी हाड जुळतच नाही. हे सगळं माझ्या पेशंटांना झालेलं आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांचा त्यांच्यावरच विश्वास बसला. त्यांनी तारीख घेतली.

हे सांगायला ते एक्स-रेच्या खोलीशी गेले, मग कँटीनमध्ये चहाला... मग रोजच काहीतरी सांगायचं निघू लागलं. ती त्यांच्याहून चांगली वीतभर उंच. हसताना केस कानामागे सारायची, तेव्हा मास्तर साखर ढवळतच राहायचे.

"पण हे करताय कशासाठी?" तिने एकदा विचारलं.

"धंद्यासाठी," मास्तरांनी ठोकून दिलं. आधी मुलींचे नकार पचत नव्हते म्हणून, आणि आता हिच्या शेजारी उभं राहायचं म्हणून – हे कुठल्या तोंडाने सांगणार? दिवसभर ते खोटं त्यांना टोचत राहिलं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी दोघं बसस्टॉपकडे निघाले. मास्तर फुटपाथवरून, ती खाली रस्त्यावरून.

"मास्तर, रोज तुम्ही वर आणि मी खाली – असं का हो?"

त्यांचे कान तापले. "धंद्याचं खोटं होतं," ते पुटपुटले. "तुझ्या शेजारी शोभावं म्हणून करतोय. लाज वाटते गं मला."

"मलाही वाटते. तुम्ही भेटल्यापासून मी पोक काढून चालते. आई विचारते, पाठ दुखते का? आणि मैत्रिणी दिसल्या की... मी तुमच्यापासून दोन पावलं लांब होते." तिचे डोळे भरून आले.

मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं.

"ऑपरेशन करायचं तर स्वतःसाठी करा," ती म्हणाली. "एक्स-रे मीच काढीन. पण माझ्या नावावर हाड कापू नका."

मास्तर फुटपाथवरून खाली उतरले. "उद्याची तारीख रद्द करतो. तू आधी सरळ उभी राहा बघू."

ती राहिली. ताठ. मास्तरांनी मान वर केली. "बापरे... केवढी गं आहेस तू!"

ती रडता रडता हसली. तेवढ्यात समोरून तिच्या दोन मैत्रिणी आल्या. तिने मास्तरांचा हात धरला, आणि त्या अगदी जवळ आल्या तरी सोडला नाही.