बिननावाचं दार

सकाळी घरातून निघताना तिनं चपला पायात सरकवल्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आलाच.

"थोरले, येताना बाबांच्या गोळ्या आण. आणि त्या नळवाल्याला झाप जरा."

"मीच झापू?"

"मग कोण? घरात थोरली कोण आहे?"

घरात तिला नावानं हाक मारायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे. बापाच्या उशाशी दवाखान्यात बसायचं थोरलीनं, धाकट्याची उधळपट्टी निस्तरायची थोरलीनं, नातेवाइकांशी भांडायचं तेही थोरलीनंच. या थोरलेपणाला ती उठता-बसता शिव्या घालायची. पण ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ आली असती, तर तिनं त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. तिचं म्हणावं असं तेवढंच तर होतं.

ऑफिसातलं काम समजावून सांगायला लागली की समोरचा जांभई द्यायचा. काम तसं सोपं होतं. लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम तयार करणारा कंपायलर त्याच्यासोबत एक वर्णन ठेवून देतो. कुठल्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यात, कोण मेंबर आहेत, त्यांची नावं काय, कोण कुठून सुरू होतो, किती जागा अडवतो. पुढे प्रोग्राम बिघडला की चुका शोधणारा डिबगर ते वाचून आतला कारभार दाखवतो. या मेंबरांवरून एकेक करत जाणारा कोड शेजारच्या टेबलावरच्या बोक्यानं लिहिला होता. हा बोका पाय न वाजवता चालायचा आणि काम निघालं की नाहीसा व्हायचा, म्हणून बोका. त्याच्या कोडला सगळे फेरीवाला म्हणत. दार वाजवायचं, नाव विचारायचं, पुढच्या दाराशी जायचं. फेरीवाला कुणाला चुकवत नाही ना, हे बघायचं थोरलीनं.

आणि तो चुकवत होता. स्ट्रक्चरमध्ये बिननावाचे मेंबर असू शकतात, ते हा सरळ गाळायचा. गिऱ्हाइकानं बोंब मारली. "ज्याला नावच नाही त्याला कशाला मोजायचं?" असं बोका कुरकुरला, पण दुरुस्ती केली. आज संध्याकाळी नवी आवृत्ती जायची होती.

तिनं टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास; एक लाल.

लाल झाली ती तिची सगळ्यात जुनी टेस्ट. नोकरीला लागली तेव्हा गंमत म्हणून लिहिलेली. स्ट्रक्चरचं नाव घर. आत चार मेंबर, बाबा, आई, थोरली, धाकटा. सगळ्यांना सारखी जागा, मध्ये कुठे फट नाही. इतकी वर्षं ती टेस्ट मुकाट पास होत आली होती.

आज फेरीवाल्यानं पाच दारं वाजवली होती.

बाबा. आई. मग नावाच्या जागी कोरं. मग थोरली, मग धाकटा. कोऱ्याला नाव नव्हतं, जागा होती. जिथून थोरली सुरू व्हायची, बरोबर तिथून तो सुरू होत होता. थोरली एक घर पुढे ढकलली गेली होती.

"बोक्या, इकडे मर जरा."

बोका आला. "तूच काहीतरी टाकलं असशील."

"डोळे आहेत ना? वाच."

त्यानं स्क्रीनला बोट लावून टेस्टमधल्या घराच्या चारही ओळी वाचल्या. "मग फट असेल. कंपायलर सोडतो कधीकधी जागा."

"फटीला टाइप असतो? आत काय ठेवायचं ते ठरलेलं असतं?"

कोऱ्याला टाइप होता. थोरलीचा होता तोच. बोका खुर्ची ओढून बसला.

बाकीची स्ट्रक्चर्स ठीक होती. तिनं नवी फाइल उघडून घर पुन्हा हातानं लिहिलं. पाच. बोक्याच्या मशीनवर चालवलं. पाच. नावं काढून नुसतं क, ख, ग, घ ठेवलं. चार. नावं परत घातली.

पाच.

बोक्यानं चटका बसल्यासारखे कीबोर्डवरून हात उचलले. "क, ख, ग, घ ठेव आणि पास कर. घरी जाऊ."

"खोटं पास करू?"

"मग खरं काय ते तू सांग."

आवाज ऐकून साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. "असल्या पोरकट टेस्टपायी आवृत्ती अडवता? उडवा ती."

"नाही उडवत," ती म्हणाली. "तुम्हाला घाई आहे म्हणून आतलं माणूस गाळायचं?"

माणूस हा शब्द आपल्या तोंडून का निघाला, हे तिलाही कळलं नाही. साहेब तिच्याकडे बघत राहिले आणि आत गेले. तिला खुर्चीत बसवेना. पाणी प्यायली, परत भरून आणलं, प्यायलीच नाही. शेवटी खिडकीपाशी जाऊन तिनं आत्याला फोन लावला. आत्याच्या पोटात काही राहत नसे.

"आत्या, माझ्याआधी कोणी होतं का?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"कोणी सांगितलं तुला?"

"होतं का?"

"होती. पण बारशाआधीच गेली गं, नावसुद्धा ठेवलं नव्हतं तिचं. मग काय मोजायचं? आईपुढे काढू नकोस हां हे." आत्या जरा थांबली. "आणि तुझं आज चाललंय काय? मघाशी विचारलंस ते वेगळंच."

"मघाशी मी फोन केला नव्हता."

"आवाज तुझाच होता की. जरा बसलेला. घरचा पत्ता विचारत होतीस. मी म्हटलं, थोरले, स्वतःचं घर विसरलीस?"

फोन कधी बंद केला ते तिला आठवेना. जागेवर आली तेव्हा भीतीपेक्षा संताप मोठा होता. सगळ्या घरानं मिळून एका जिवाला गाळलं, आणि वर तोंड करून सांगतात, नाव नव्हतं! तिनं टेस्टमधला चार खोडून पाच केला. दोन नंबरनंतर कोरं नाव मांडलं. चालवली.

हिरवी.

"हे बरोबर नाही," बोका म्हणाला. त्यानं बॅग उचलली आणि चहाच्या आधीच निघून गेला.

संध्याकाळी गोळ्या घेऊन ती जिना चढली. त्यांच्या इमारतीत माणूस आलं की त्या मजल्याचा दिवा आपोआप लागायचा आणि माणूस गेलं की विझायचा. तिच्यापुढे दिवे लागत गेले, मागे विझत गेले.

दाराशी चपलांचं कपाट होतं. आईबाबांच्या खालचा कप्पा तिचा. तिच्या जुन्या चपला आज त्याच्या खालच्या कप्प्यात गेल्या होत्या. तिचा कप्पा रिकामा होता. कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेला.

धाकटा बाहेर डोकावला. तिच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत म्हणाला, "ताई आली?"

"मग ही कोण उभी आहे? भूत?"

"तू नाही गं. ताई."

रोजचंच बोलल्यासारखा बोलला आणि आत गेला.

ती दार लावायला वळली.

"गोळ्या आणल्यास का, मधले?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिचा हात कडीवरच राहिला.

"आणि दार लावू नकोस. थोरली येतेय मागून."

खालच्या मजल्यावरचा दिवा लागला.