प्रतिभाताईंचं सीरम

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. जे घडलं ते मी स्वतः पाहिलंय. फक्त कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मी अजून तिथेच नोकरी करते.

भुतं म्हणे रात्री येतात. माझ्याकडे जे आलं ते भर दुपारी आलं.

सुरुवात झाली २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. गुरुवार, पावणेचारची वेळ. ठिकाण अंबरनाथ एमआयडीसी.

मी मीनल. आमच्या कंपनीत डेंग्यूच्या टेस्टची कार्डं बनतात. रक्त मशिनवर फिरवलं की वर पिवळसर सीरम उरतं. ते कार्डावर टाकायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर माणूस साफ. दोन आल्या तर डेंग्यू.

प्रत्येक लॉटमधली काही कार्डं मी तपासते. त्यासाठी दोन बाटल्या लागतात. एकीत डेंग्यूच्या विषाणूचं लॅबमध्ये बनवलेलं प्रोटीन. त्यात विषाणू नसतो, त्याने कुणाला डेंग्यू होत नाही. पण कार्डावर दोन रेघा यायलाच हव्यात. दुसरीत निरोगी माणसाचं सीरम. तिथे एकच रेघ हवी.

आणि निरोगी माणूस म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी.

बहुतेक वेळा प्रतिभाताई. पॅकिंगला होत्या. मोरिवलीत राहायच्या, चालत यायच्या. बाही वर करून म्हणायच्या, "घे गं बाई. माझं रक्त म्हणजे साधा वरणभात. त्यात काय सापडायचं नाही तुला."

लॅबमध्ये त्यांना यायची परवानगी नव्हती. मग चहाच्या सुट्टीत बाहेरून काचेवर बोटातली अंगठी वाजवायच्या. टक. टक. मी खिडकी सरकवली की विचारायच्या, "कसं आलंय माझं?"

"साफ आहे, ताई."

त्या गुरुवारी रक्त देताना त्या म्हणाल्या, "आज अंग जरा मोडून आलंय. दिवाळीचं आवरतेय ना घरात."

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यांचं सीरम पाच कार्डांवर टाकलं. वीस मिनिटं झाली...

पाचही कार्डांवर दोन रेघा.

मला घाम फुटला. तो ताईंसाठी नव्हता, लॉटसाठी होता. त्याच सकाळी त्याच टेबलावर मी प्रोटीनची नवी बाटली उघडली होती. ते कणभर जरी इकडचं तिकडे गेलं तरी दुसरी रेघ येते. आमच्या लॅबमध्ये अशी रेघ दिसली की पहिला संशय हातावर घेतात, माणसावर नाही.

माझ्याबरोबर धर्मेश काम करतो. सीरम कार्डांवर त्यानेच टाकलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, एकदा ताईंना विचारून घेऊ ना. ताप-बिप आहे का."

"आधी स्वतःचा हात बघ," मी खेकसले. "पिपेटची टीप बदलली होतीस का?"

कार्डं आणि सीरम मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, नमुना खराब झाला.

तेवढ्यात काच वाजली. टक. टक.

"कसं आलंय माझं?"

खरं सांगायचं तर पुन्हा रक्त द्या म्हणावं लागलं असतं. मग चौकशी, मग मॅनेजर.

"साफ आहे, ताई," मी म्हणाले.

त्या रात्री त्यांना ताप भरला. नवरा डॉक्टरकडे चल म्हणत होता. त्या म्हणाल्या, "डेंग्यू नाही मला. मीनलने आजच बघितलंय." तापाच्या गोळ्या घेत घरीच राहिल्या. मंगळवारी हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा दवाखान्यात नेलं.

बुधवारी त्या गेल्या.

हे मला त्यांच्या नवऱ्याने सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "तुमचं नाव फार घ्यायची हो," म्हणाले. मी तोंड वर करू शकले नाही.

तेराव्यानंतरची गोष्ट. आता निरोगी सीरम धर्मेशचं होतं. एकाच कार्डावर टाकलं, टायमर लावला. धर्मेश चहाला गेला होता. मी एकटीच.

लॅब एकदम शांत झाली. फ्रीजची घरघरसुद्धा थांबली...

टक. टक.

काचेपलीकडे कुणी नव्हतं. पॅसेज रिकामा होता. मी खिडकी सरकवली नाही.

मागे वळून पाहिलं...

कार्डावर दोन रेघा.

टायमरवर अजून अकरा मिनिटं बाकी होती. मी कार्ड उलटं केलं. मागे पेनने लिहिलं होतं, धर्मेश. ते अक्षर मी ओळखते. चार वर्षं पॅकिंगच्या खोक्यांवरचे लॉट नंबर त्याच अक्षरात वाचले होते.

दुसऱ्या कार्डावर तेच सीरम टाकलं. वीस मिनिटांनी एकच रेघ.

या वेळी मात्र मी हातावर संशय घेतला नाही. धर्मेशला उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेले. तिथलाही रिपोर्ट साफ आला. "मॅडम, काय टेन्शन घेता," तो हसत म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. लगेच भरती केला, म्हणून वाचला.

मला वाटलं, ताईंनी मला माफ केलं. वाचवायला येत असतील. मी घरी येऊन खूप रडले.

मग दीड वर्ष काही झालं नाही.

गेल्या महिन्यात, पुन्हा गुरुवारी, मी नव्या लॉटचं सीलबंद पाकीट हातात घेतलं.

टक. टक.

मी मान वर केली नाही. पाकीट फाडलं...

आतल्या कोऱ्या कार्डावर दोन रेघा होत्या.

उलटं करायला हात धजेना. तरी केलं.

राजसी.

राजसी माझी मुलगी. सात वर्षांची. खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा असते, तेव्हा एकदा नेली होती तिला. ताईंनी तिला मांडीवर बसवून पेढा भरवला होता.

तिला तीन ठिकाणी तपासलं. तिन्हीकडे साफ. बदलापूरच्या घरात आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्यात, कुंड्या काढून टाकल्यात. दर दोन दिवसांनी मी तिच्या बोटाला सुई टोचते, मशिन नसलं तरी रक्ताचा थेंबही कार्डावर चालतो, आणि कार्डासमोर बसते. दर वेळी एकच रेघ येते.

पण साफ आलेल्या कार्डावर माझा विश्वास उरलेला नाही. ताई सावध करतायत की शिक्षा देतायत, तेही कळत नाही.

काल संध्याकाळी राजसी बोटाला कापूस धरून गॅलरीत गेली. दार लावून घेतलं. मी टायमरकडे बघत बसले होते.

गॅलरीच्या काचेवर आवाज झाला. टक. टक.

राजसी पलीकडे उभी होती. तिच्या बोटात अंगठी नाही. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, घरात मी ताईंचं नावही घेत नाही.

तिने दार सरकवलं.

"कसं आलंय माझं?"

कार्डावर तेव्हा एकच रेघ होती. टायमरवर अकरा मिनिटं बाकी होती.

साफ आहे, हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.