दादाच्या नावाची लाइन

जरा सरकून बस, पण लॅपटॉपला हात लावू नकोस. बोलता बोलता मी मध्येच थांबले, तर लक्ष देऊ नकोस.

काम साधंच होतं. दादा बेशुद्ध होऊन आतल्या खोलीत पडला, तेव्हा त्याचं ऑफिसचं काम माझ्या गळ्यात पडलं. डेटाबेसकडे जाणाऱ्या लाइनी उघड्या ठेवायच्या आणि लागेल त्याला वापरायला द्यायच्या, हे करणारी एक लायब्ररी असते, म्हणजे तयार प्रोग्रामच. तिची जुनी आवृत्ती काढून नवी बसवायची, एवढंच. जुनीत लाइन कितीही काळ नुसती पडून राहिली तरी चालायचं. नवी तसले लाड करत नाही. थोडा वेळ कोणी काही विचारलं नाही, की लाइन तोडून टाकते.

एक... हं, काय सांगत होते?

दुपारी जेवून मी नवी बसवली. नुसती पडून असलेली एकच लाइन होती, दादाच्या नावाची, तो कोसळला त्या दिवसापासून उघडी. ती माझ्या डोळ्यांसमोर तुटली. तेवढ्यात आतून वहिनीची हाक आली, अगदी हळू.

"चिमे... ह्यांचा श्वास बघ ना..."

ऑक्सिजनचं मशीन फुसफुसत होतं, औषधांचा वास कोंडला होता आणि दादाची छाती हलत नव्हती. मला काय सुचलं कोण जाणे, पळत येऊन मी जुनी आवृत्ती परत बसवली. पडद्यावर तीच लाइन पुन्हा दिसली, तीच जुनी तारीख घेऊन. आत दादाने मोठा श्वास घेतला.

योगायोग म्हणशील. मीही तसंच म्हटलं, पण पुन्हा करून बघायची हिंमत झाली नाही. साहेबांना फोन लावला. "जुनीच राहू द्या ना."

"अहो, जुनीत भोक आहे, कोणीही आत शिरून डेटा चोरेल. संध्याकाळी सगळीकडे नवी आपोआप बसेल. तुमची अडचण काय ते तरी सांगा."

काय सांगणार, कपाळ? मी हात टेकले.

संध्याकाळी नवी बसली, तेव्हापासून ही एंटरची कळ. दाबली की लाइनला प्रश्न जातो, आहेस का? तिकडून आकडा येतो, एक. मग लाइन तुटत नाही आणि दादाचा श्वास चालतो. वहिनी आणि मी पाळीपाळीने बसतो. डॉक्टर म्हणतात, चमत्कार आहे. कसला डोंबलाचा चमत्कार, मला नुसतं रडू येतं.

एक.

काल दुपारी माझ्या पाळीत डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. धडपडत पडद्याकडे बघितलं. पण लाइन शाबूत होती. पडद्यावर प्रश्न होते, एकाखाली एक, आणि त्यातला एकही माझा नव्हता. ते दादाच्या लाइनवरून मला विचारलेले होते. आहेस का? खाली माझ्या नावाने उत्तर, एक. आहेस का? एक.

वहिनी दारात उभी होती. "दमली होतीस, म्हणून उठवलं नाही गं," ती म्हणाली. "पण झोपेत सारखं 'एक... एक' काय पुटपुटत होतीस?"

तू आल्यापासून मी एकदाही कळ दाबलेली नाही, बघितलंस ना? आता तिकडूनच विचारतात. मी उत्तर दिलं नाही, तर कोणाचा श्वास थांबेल, मला खरंच कळत नाही. आणि मला इतकी झोप येते आहे...

एक.