थरथरीची किल्ली

स्मृतिशोध प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर शर्वरी घोरपडे सकाळपासून तीनदा उठून खिडकीशी जाऊन आली होती. टेबलावर एका बंद पडलेल्या संगणकाची डिस्क वाचन-यंत्राच्या उघड्या पाळण्यात ठेवलेली होती. विजेच्या झटक्याने संगणक गेला होता, पण डिस्कवरचा एकही कण हललेला नव्हता. हे तिने पहिल्याच दिवशी तपासलं होतं. दुखणं डिस्कचं नव्हतं, कुलपाचं होतं.

कुलूप डॉ. अच्युत पेंढरकरांनी स्वतः बनवलेलं होतं, आणि ते समोरच बसले होते.

"तुमच्या लयकुलपाला परवलीचा शब्द नाही, असं म्हणालात," शर्वरीने विचारलं. "मग किल्ली कुठून येते?"

"वाक्य एकच असतं. 'पाणी उकळलं की गॅस बंद करावा.' ते सगळ्यांना माहीत असलं तरी चालतं. दोन अक्षरांमध्ये बोट किती वेळ थांबतं, कुठे अडखळतं, कुठे थरथरतं, त्या लयीतून किल्ली बनते. हात चोरता येत नाही."

"पण हात म्हातारा होतो."

"म्हणून कुलूप रोज थोडं शिकतं. आजच्या हाताप्रमाणे कालची किल्ली केसभर सरकवतं. सावकाश बदललेला हात ते ओळखतं. एकदम बदललेला नाही."

आणि त्यांचा हात एकदमच बदलला होता. चार वर्षं त्यांना कंपवाताने ग्रासलं होतं. दीड महिन्यापूर्वी त्यांनी स्वतःच बनवलेलं कंपशामक यंत्र मेंदूत बसवून घेतलं आणि थरथर एका दिवसात थांबली. पूर्वी ते संगणक रोज रात्री बंद करायचे, त्यानंतर मात्र तो रात्रंदिवस सुरूच राहिला, त्यामुळे वाक्य लिहायची वेळ आली नाही. आली ती वीज पडल्यावर. सात प्रयत्न त्यांनी नव्या, स्थिर हाताने केले आणि सातही फुकट गेले. कुलूप दहाव्या चुकीनंतर डिस्क कायमची पुसणार होतं. राखीव प्रतही होती, पण तिलाही हेच कुलूप.

डिस्कवर नऊ जणांचे स्पंदन-आराखडे होते. कुणाच्या मेंदूला कोणत्या क्षणी किती झटका द्यायचा, याचे ते बारीक हिशेब. प्रत्येकाचं कंपशामक आपला आराखडा तीसच दिवस लक्षात ठेवतं, मग डिस्कवरून पुन्हा भरावा लागतो. शेवटचं भरल्याला आज सव्विसावा दिवस होता.

पेंढरकरांचा फोन वाजला. हुपरीचे चांदीकारागीर दगडू सुतार, रुग्ण क्रमांक चार.

"डॉक्टर, शुक्रवारपर्यंत भरताय ना? एका पैंजणाला घुंगरू लावलेत, दुसऱ्याचे राहिलेत. मुदतीच्या तोंडावर आणू नका."

"भरतो," पेंढरकर म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. मग शर्वरीला म्हणाले, "मी माझं यंत्र बंद करतो."

तिने डिस्ककडे पाहिलं. बंद केलं की आराखडा पुसला जाणार, आणि त्यांच्या आराखड्याची मूळ प्रतही याच डिस्कवर होती. कुलूप उघडलं नाही तर त्यांचा हात उरलेलं आयुष्य थरथरणार होता.

"दुसरा रस्ता दिसतोय का तुला?"

नव्हता. त्यांनी कानामागची चकती दाबली. मिनिटभरात उजवा हात जाळ्यातल्या माशासारखा उडू लागला. त्यांनी वाक्य लिहिलं. नाकारलं. पुन्हा लिहिलं. नाकारलं.

एकच प्रयत्न उरला. पेंढरकरांनी हात मांडीखाली दाबून धरला. शर्वरी पुन्हा खिडकीशी गेली, तिथून परत आली आणि कुलपाची नोंदवही उघडून बसली. तिच्यात किल्ली नसते. कुलपाला किती थरथर अपेक्षित आहे, एवढा एक आकडा असतो. तिने तो आताच्या दोन प्रयत्नांशेजारी मांडला.

"सर, यंत्र बसवण्याआधी आजार आजच्याएवढाच होता?"

"तेवढाच. शेवटच्या तपासणीत मोजला होता."

"मग कुलपाने शिकलेली थरथर आजच्या निम्मीसुद्धा का नाही? कंपन आपोआप दबत नाही. तुम्ही हात कशावर टेकवत होता?"

"कशावरच नाही." त्यांनी मांडीखालच्या हाताकडे पाहिलं. "सुलभाताई मनगट धरायच्या."

"कोण सुलभाताई?"

"आमच्याकडे मदतनीस होत्या. मला कळफलकावर बटणच सापडेना म्हणून रोज सकाळी मनगटाला आधार द्यायच्या. दोन वर्षं. गेल्याच महिन्यात निवृत्त झाल्या. कागलला असतात."

"हे तुम्ही मला तीन दिवसांत सांगितलं नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? लिहायचो मीच," ते म्हणाले. म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली आला.

फोन गेल्यावर दीड तासात सुलभाताई आल्या. एस.टी.तून उतरून थेट, हातात कापडी पिशवी. पेंढरकरांचा हात पाहून त्या दारातच थबकल्या.

"बरा झालेला की ओ हात. परत काय केलासा?"

"बसा, सांगतो. आधी मनगट धरा. पूर्वी धरायचात तसंच."

"तसंच म्हंजे? मी काय मोजून धरत हुते?" पण त्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या, मग उठून उजव्या बाजूला आल्या. "हितं. आन् तुमी श्वास सोडल्याबिगर सुरू करायचं न्हाई. घाई केली की तुमी चुकताय."

पेंढरकरांनी श्वास सोडला. वाक्य उमटत गेलं. 'उकळलं'पाशी बोट अडखळलं, सुलभाताईंचा अंगठा किंचित दाबला गेला, बोट पुढे सरकलं. शर्वरीचं लक्ष पडद्यावर नव्हतंच, त्या अंगठ्यावर होतं.

कुलूप उघडलं. पहिली फाइल बाहेर आली. रुग्ण क्रमांक एक, अच्युत पेंढरकर.

ते मागे रेलले. डावा हात आपसूक कानामागे गेला. आराखडा भरला की मिनिटभरात थरथर थांबणार होती. तेवढ्यात पडद्यावर तेच वाक्य पुन्हा मागितलं गेलं. चोरीच्या भीतीने त्यांनीच प्रत्येक फाइलला वेगळं कुलूप लावलं होतं, संगणक बंद पडताच ती सगळी पुन्हा लागली होती, आणि प्रत्येक कुलपाला हाच हात हवा होता.

"सर," शर्वरी म्हणाली, "आता यंत्र सुरू केलंत तर—"

"कळलं." त्यांनी कानामागचा हात खाली घेतला.

"झालं न्हवं?" सुलभाताईंनी विचारलं. "सोडू का?"

"नका सोडू," पेंढरकर म्हणाले. "अजून आठ जण आहेत."

त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि मनगट पुन्हा धरलं. "मग श्वास सोडा आधी."