थोरलीच्या हातची चव

"हे काय भिजत घातलंय यात? इतक्या वर्षांत हे कधी पाहिलं नाही मी..." खारूने विचारलं, आणि मावशीच्या हातातली सोया सॉसची बरणी ओट्यावर ठेवता ठेवता डगमगली.

खारू म्हणजे या घरची एकुलती एक लेक, आता चांगली नोकरीला लागलेली. आणि मावशी म्हणजे तिची सावत्र आई. खारूचे वडील वारल्यापासून घरात दोघीच. परवा मावशीचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी आशा दाखवली होती, पण इतकी जपून, की ऐकणाऱ्याचा धीरच सुटावा... म्हणून तर तिने पोरीला आज मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं. सकाळपासून मोठ्या पातेल्यात हाडं रटरटत होती, वर येणारा फेस काढून काढून तिचं मनगट भरून आलं होतं. मळून, लाटून, बारीक कापलेल्या नूडल्स फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या.

"सुकी मासळी आहे," मावशी म्हणाली. "डोकी आणि पोटातलं काळं काढून सॉसमध्ये रात्रभर भिजवायची. तुझी आई अशीच करायची."

"आई?" खारूचा आवाज बदलला. "म्हणजे आईचं सूप तुम्हाला ठाऊक होतं?"

ठाऊक होतं... थोरली, म्हणजे खारूची आई, अंथरुणाला खिळली तेव्हा तिची शुश्रूषा करायला आलेली परिचारिका ती हीच. जपानी नूडल्सच्या खानावळीत उमेदीची वर्षं घालवलेल्या त्या बाईने पडल्या पडल्या तिला रामेनचं, त्या नूडल्सच्या सुपाचं, सारं तंत्र शिकवलं होतं, आणि शेवटी हात घट्ट धरून म्हटलं होतं, "पोरीला माझा विसर पडू देऊ नकोस गं." पुढे लग्न होऊन मावशी या घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने ते सूप अगदी बरहुकूम केलं. सात वर्षांच्या खारूने वाडगा चाटूनपुसून संपवला आणि ती हसत म्हणाली, "आता आई नसली तरी चालेल." मावशीच्या काळजात चर्र झालं. त्या दिवसापासून त्या घरात ती सुकी मासळी आली नाही, सूप साध्या सॉसवरच होऊ लागलं. मग दर वेळी खारूने नाक मुरडावं, आईसारखं नाही झालं म्हणून. शेजारणींनी कुजबुजावं, शेवटी सावत्रच ती... आणि मावशीने सारं मुकाट्याने गिळावं, कारण पोरीला आई आठवत होती ना, मग झालं तर!

आज मात्र तिने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"माझ्या आईची चव तुम्ही माझ्यापासून लपवलीत," खारू म्हणाली. "मी इतकी नावं ठेवली, आणि तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत? कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

 मावशीने नूडल्स उकळत्या पाण्यात शिजवून उपसल्या, वाडग्यात तो सॉस घालून वर वाफाळतं सूप ओतलं आणि वाडगा पुढे सरकवला. "रागाव मला, हवं तितकं रागाव. पण आधी खा, फुगतील."

खारूने डोळे मिटून पहिला घोट घेतला. दुसरा घेतला, तिसरा... आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मावशी, मला ओळखूच येत नाहीये." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "आई अशीच करायची? नक्की? मला काहीच आठवत नाही गं... आईसारखं नाही, आईसारखं नाही, हे मी नुसतं सवयीने म्हणत आले. मला तर आजारी पडलं की तुझंच सूप आठवतं."

मावशीने तिला पोटाशी धरलं. ज्या आठवणीसाठी जन्मभर बोल सोसले, ती कधीचीच हातून निसटून गेली होती. आणि जे मागायची तिची कधी छाती झाली नव्हती, ते आज न मागता पदरात पडलं होतं. हसावं की रडावं, तिला कळेना.

"तू नेहमी करतेस तसं कर ना," खारू हुंदके देत म्हणाली. "मला तेच शिकव."

मावशीने साधा सॉस घालून दुसरा वाडगा भरला. खारू खाली मान घालून शेवटच्या थेंबापर्यंत खात राहिली. थोरलीचा वाडगा मावशीने आपल्यापुढे ओढला. नूडल्स फुगल्या होत्या, सूप कोमट झालं होतं, तरी तिने ते सावकाश, घास घास करून संपवलं. ती चव ओळखणारं आता त्या घरात तिच्यावाचून कुणी उरलं नव्हतं, आणि परवा सकाळी तिला इस्पितळात न्यायचं होतं.