उजव्या ग्लोव्हची गाठ

चौदा डिसेंबर, सकाळी साडेनऊ. गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत लग्नाची वेळ.

तीन मिनिटं लढायचं, एक मिनिट थांबायचं.

"वहिनी म्हणायची सवय कर, शिऱ्या."

लेसचा दुसरा ग्लोव्ह स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही.

हे सगळं एकाच माणसाचं आहे, शिरीषचं. आणि यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

आइंडहोवन, नेदरलँड्स. २६ नोव्हेंबर २०१६, शनिवार. दुपारचे साडेतीन.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर कीस नावाच्या म्हाताऱ्या डच ट्रेनरची बॉक्सिंग जिम होती. शिरीष आणि धवल, दोघे पुण्याचे, एकाच कंपनीत चिपच्या मशीनवर काम करणारे. ऑफिस सुटलं की दोघांच्या सायकली इथेच वळायच्या.

संहिता आधी शिरीषला भेटली होती. धवलशी तिची ओळखही त्यानेच करून दिली. सहा महिन्यांत तिने धवलशी लग्न केलं. त्यानंतर दोन वर्षं धवल रिंगमध्ये हसत हसत ते एकच वाक्य ऐकवायचा. वहिनी म्हणायची सवय कर.

फेब्रुवारी २०१५. सरावात राउंड संपल्याची घंटा झाली. धवलने हात खाली घेतले आणि तेच वाक्य म्हणाला.

शिरीषने ठोसा मारला. डाव्या कानशिलावर.

कीस तेव्हा खाली होता. पाहिलं कोणीच नाही. ठोसा घंटेच्या आधीचा होता, खेळात होतं असं, असं शिरीषने सगळ्यांना सांगितलं.

बेशुद्ध धवलला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पुढे संहितासाठी धावपळ केली ती शिरीषनेच. कागदपत्रं, घर बदलणं, सगळं. दीड वर्षाने लग्नाचं तिनेच विचारलं. त्या एका खोट्यावर आता त्याचं सगळं सुख उभं होतं.

तर त्या शनिवारी जिममध्ये तो आणि कीस, दोघंच. कॉफीला दूध नव्हतं म्हणून कीस खालच्या सायकलवाल्या दुकानदाराकडे मागायला उतरला. शिरीषने ग्लोव्हज चढवले. डाव्याची लेस दातांनी ओढून कशीबशी बसवली. उजवा तसाच मोकळा. कीस येईपर्यंत तो बाकावर डोळे मिटून बसला.

...कोणीतरी उजव्या ग्लोव्हची लेस ओढली.

घट्ट. मनगटाला दोन वेढे. टोक आत खोचलेलं.

"थँक्स, कीस."



त्याने डोळे उघडले. समोर कोणी नव्हतं. दार बंद.

कीस कधी टोक आत खोचत नसे. तसं बांधायची सवय एकाच माणसाला होती.

मग... भिंतीवरच्या टायमरची घंटा झाली. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

राउंड सुरू.

शिरीष दाराकडे धावला. ग्लोव्हजमधल्या हातांना दाराची मूठ फिरवता येईना. दातांनी गाठ सोडायला गेला. सुटेना.

मागे रिंगच्या फळ्या करकरल्या. बूट सरकल्याचा आवाज. दमलेल्या माणसाचा श्वास... जवळ... अजून जवळ.

तो दाराला पाठ लावून टायमरकडे बघत राहिला. संपल्याची घंटा झाली की हे थांबेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दोन मिनिटं. तीन. साडेतीन...

घंटा होईना.

चार. पाच.

पुढचं त्याला आठवत नाही.

कीस दूध घेऊन आला तेव्हा शिरीष दाराशी पडलेला होता. डावं कानशील काळंनिळं. ग्लोव्ह कोणी बांधला, हे कीसने दोनदा विचारलं. जिना एकच, आणि कीस सगळा वेळ त्याच्या पायथ्याशी दुकानदाराशी बोलत उभा होता. वर कोणीच गेलं नव्हतं.

गाठ शेवटी कात्रीने कापावी लागली.

संध्याकाळी संहिता बर्फ घेऊन शेजारी बसली. सरावात लागलं, एवढंच त्याने सांगितलं. ती बराच वेळ त्या कानशिलाकडे बघत राहिली.

"घंटेच्या आधी लागलं की नंतर?"

"आधी," शिरीष म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि बर्फाची पिशवी तिथेच दाबून धरली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. ती असं का विचारत होती, हे तिला विचारायचं धाडस शिरीषला अजून झालेलं नाही.

धवल गेला त्या दिवशी सकाळी वीस मिनिटं तो शुद्धीवर होता. खोलीत फक्त संहिता होती.